दिवाळीला दिलेला रंग पोळ्याआधीच सुटतो, त्याचं काय करायचं?

सोयाबीन विकलं की हातात पैसा येतो. मग दसरा ते दिवाळीच्या मधल्या दिवसांत आमच्या दर्यापूर तालुक्यातलं निम्मं गाव भिंती रंगवायला काढतं. पुढच्या आखाडात त्याच भिंतींचे पोपडे कागदाच्या पुडीत बांधून लोक माझ्या रंगाच्या दुकानात येतात. "भाऊ, मागच्या दिवायीले तं रंग देला, आता काहून निघून रायला?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं.

प्रश्नाच्या मागोमाग मागणी ठरलेली असते: "ते पांढरं दूध द्या, रंगात टाकतो." हे दूध म्हणजे पाण्यात मिसळलेलं ॲक्रिलिक पॉलिमर, एक प्रकारचं प्लास्टिकच. कोणी त्याला लिक्विड म्हणतं, कोणी केमिकल, कोणी वॉटरप्रूफिंगचं दूध. वस्तू चांगली आहे आणि मी ती स्वतः विकतो. पण भिंतीला काय झालंय ते न बघता ती रंगात ओतली, तर पैसे जातात आणि पोपडे आणखी मोठे निघतात. माझ्या स्वतःच्या घरी तसंच झालं, ते पुढे सांगतो.

आधी पोपडा उलटा करून बघा

रंग सुटला की सगळे भिंतीकडे बघतात. खरी माहिती पोपड्याच्या मागच्या बाजूला असते. एक मोठा पोपडा अलगद काढा, उन्हात धरा आणि मागून बोट फिरवा.

बोटाला पांढरी भुकटी लागली, तर रंग जुन्या चुन्यावर किंवा भुसभुशीत डिस्टेंपरवर दिलेला आहे. नव्या रंगाने भिंत धरलीच नाही, भुकटी धरली. आमच्याकडे हे फार दिसतं, कारण जुन्या घरांवर चुन्याचे दहा-पंधरा हात एकावर एक चढलेले असतात. इथे पॉलिमर खरंच कामाचं आहे, पण ते रंगात टाकायचं नाही, रंगाच्या खाली द्यायचं. सुटं निघेल तेवढं सगळं खरवडायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, भिंत वाळू द्यायची आणि मग पॉलिमर पातळ करून भिंतीला पाजायचं. मी एक भाग पॉलिमर आणि चार भाग पाणी घेतो. डब्यावर वेगळं प्रमाण छापलं असेल तर ते पाळा. बारीक कणांचं, खोल झिरपणारं प्रायमर मिळालं तर आणखी बरं. द्रावण भिंतीत मुरलं पाहिजे. वाळल्यावर वर चकाकी दिसली, तर ते जास्त झालं किंवा घट्ट राहिलं असं समजा. त्या चकाकीवर दिलेला रंग पुन्हा सुटेल.

पोपड्याच्या पाठीला रेती आणि सिमेंट चिकटून आलं, तर दोष रंगाचा नाही, गिलाव्याचा आहे. रेतीत माती जास्त होती, सिमेंट कमी पडलं, किंवा गिलावा झाल्यावर त्याला पाणीच मारलं नाही. भिंतीवर खिळ्याने रेघ ओढा. रेघ खोल जाऊन रेती झडत असेल, तर तो भाग काढून नवा गिलावा करण्याला पर्याय नाही. त्यावर कितीही महाग रंग दिला तरी तो रेतीसकट खाली येणार.

पाठ गुळगुळीत, स्वच्छ आणि चकचकीत निघाली, तर खाली जुना ऑइल पेंट आहे, किंवा तापलेल्या भिंतीवर रंग मारलेला आहे. ऑइल पेंट असेल तर पॉलिश पेपरने चमक मारल्याशिवाय वरचा पाण्याचा रंग धरत नाही. जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती होतं ते बघून कळत नाही. भिंत ओली करून घासा, तोंडाला मास्क बांधा, लेकरांना तिकडे फिरकू देऊ नका.

आणि पोपड्यामागे कापसाच्या पेळूसारखी मऊ पांढरी लव दिसली, तर तो खार आहे. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच. चुना आणि खार दिसायला सारखे वाटतात, म्हणून थोडं पाणी शिंपडून बघा. खार विरघळून दिसेनासा होतो आणि भिंत वाळली की परत उगवतो. चुन्याची भुकटी पाण्यात विरघळून जात नाही. काळपट-हिरवट डाग असतील तर ती बुरशी. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब टाकला की तिचा रंग उडतो.

खारपाण पट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या गावांत, ही शेवटची तक्रार सगळ्यात जास्त आणि तीच सगळ्यात कमी समजलेली. म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

माझ्या घराची पश्चिमेची भिंत

आमच्या घराची पश्चिमेची भिंत रस्त्याकडे आहे. मी ती लागोपाठ तीन दिवाळ्या रंगवली. पहिल्या वर्षी साधा बाहेरचा इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग, दिला, श्रावणात कमरेपर्यंत सुटला. दुसऱ्या वर्षी खरवडून प्रायमर दिला आणि वर दोन हात मारले. तोही सुटला, फक्त महिनाभर उशिरा. तिसऱ्या वर्षी मला वाटलं की चिकटपणा कमी पडतोय. दुकानातलंच पॉलिमर होतं, ते प्रायमरमध्ये दुप्पट टाकलं आणि रंगातही टाकलं. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात भिंतीवर हाताच्या पंजाएवढा फुगा आला. तो टाचणीने फोडला तर आतून पाण्याचा थेंब आला, आणि ओढल्यावर दीड हात लांब रंगाची पट्टी प्लास्टिकच्या पिशवीसारखी अखंड निघाली. तिच्यामागे खाराचा थर होता.

त्या दिवशी मला कळलं की पॉलिमरने आपलं काम चोख केलं होतं. त्याने रंगाचा पडदा इतका घट्ट केला की आतली ओल बाहेर पडायला जागाच उरली नाही. पाणी पडद्यामागे अडलं, तिथेच आटलं आणि त्यातल्या खाराचे खडे बनले. खडे वाढताना जागा मागतात आणि पडद्याला आतून ढकलतात. हा दाब चांगल्या दगडाचा पृष्ठभागही फोडतो, तिथे रंग काय टिकणार!

मग ओल येते कुठून ते शोधलं. घरासमोरचा रस्ता दोनदा सिमेंटचा झाला आणि दर वेळी जुना न उकरता वर नवा थर पडला. आमचं जोतं आधी रस्त्याच्या वर होतं, आता त्याच्या बरोबरीला आलं आहे. पावसाचं पाणी जोत्याला टेकून उभं राहतं आणि विटा ते वर ओढतात. तुमच्या गावातही रस्ता उंच आणि घरं खाली झाली असतील, तर रंगाच्या आधी तिकडे बघा. भिंतीच्या पलीकडे नहाणी आहे का, जनावरांचं टाकं आहे का, उकिरडा टेकलाय का, छपराचं पाणी भिंतीवरून ओघळतंय का, हेही बघा. ओल जमिनीपासून वर चढत असेल तर कारण खाली आहे, वरून खाली येत असेल तर कारण छतात किंवा कठड्यात आहे. एवढ्यावरून निम्मा शोध लागतो.

भिंतीत ओल आहे की नाही ते तपासायला हात-दीड हाताचा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल किंवा भिंत गडद दिसत असेल, तर त्या भिंतीवर आज ब्रश टेकवायचा नाही. दिवाळी तोंडावर आली असली तरी नाही. गिऱ्हाईक परत जातं तेव्हा मलाही वाईट वाटतं, पण ओल्या भिंतीवर रंग विकून आणलेले पैसे पुढच्या आखाडात तोंड दाखवू देत नाहीत.

बादलीतलं पाणी

ओलीचं कारण सापडलं तरी एक कोडं उरलं होतं. भिंतीच्या वरच्या भागात, जिथे ओल पोचत नव्हती, तिथेही बारीक खार का फुटत होता? उत्तर आमच्याच बोअरमध्ये होतं. घर बांधताना गिलावा त्याच पाण्यात कालवला आणि सात दिवस तेच पाणी भिंतीवर मारलं.

जरा हिशोब करा. एका लिटरात ३ ग्रॅम क्षार असलेलं पाणी धरा. गिलावा कालवायला आणि मारायला मिळून ५०० लिटर लागलं, तर दीड किलो क्षार आपण स्वतःच्या हाताने भिंतीवर नेले. पाणी उडून गेलं, त्यातले कितीतरी क्षार मागे राहिले. बांधकामाच्या पाण्यासाठी आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात अकार्बनी क्षारांची मर्यादा लिटरला ३००० मिलिग्रॅम, म्हणजे हेच ३ ग्रॅम, दिलेली आहे. लोखंडी सळई असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. बोअरचं पाणी जिभेला खारट लागत असेल तर तपासून घ्या, आणि बांधकामाच्या वेळी नळाच्या नाहीतर टँकरच्या गोड्या पाण्याची सोय करा. खर्च वाढतो, मान्य आहे. पण तो एकदाच होतो.

हेच पाणी रंगाच्या बादलीत दुसरा घोळ करतं, आणि तो पॉलिमरशी थेट जोडलेला आहे. ॲक्रिलिकचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण, साधारण एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर विद्युतभाराचं आणि साबणासारख्या द्रव्याचं कवच असतं. पाण्यात क्षार जास्त झाले की हे कवच कमजोर पडतं आणि कण गोळा होतात. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तसाच प्रकार. रंगातली भुकटी, म्हणजे रंग आणि भर देणारी पूड, सुटी ठेवणारं द्रव्यही बहुतेक वेळा ॲक्रिलिकच्याच घराण्यातलं असतं, सोडियम पॉलिॲक्रिलेट नावाचं. जड पाण्यातलं कॅल्शियम त्याला पकडतं आणि भुकटीचे गठ्ठे होतात. मग रंग रोलरला तारेसारखा लागतो, भिंतीवर दाणे दिसतात, दोन डब्यांच्या छटा जुळत नाहीत. लोक म्हणतात माल खराब निघाला.

एक साधी चाचणी सांगतो. काचेच्या दोन बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी अर्धा ग्लास, दुसरीत फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी तेवढंच. दोन्हीत दोन-दोन चमचे पॉलिमर टाका, हळू ढवळा, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी दोन्ही एकसारख्या दुधाळ दिसल्या तर तुमचं पाणी चालेल. एकीत दाणे, गुठळ्या किंवा वर नितळ पाणी आणि खाली गाळ दिसला, तर ते पाणी रंगात घालू नका. चुन्यात पॉलिमर मिसळायचं असेल तर चुन्याच्या निवळीतही हीच चाचणी करा, कारण तिथेही कॅल्शियम भरपूर असतं.

रंग पातळ करायला पाणी लागतं तरी किती? २० लिटरच्या डब्यात ४० टक्के पाणी घातलं तरी ८ लिटर. फिल्टरच्या पाण्याची एक २० लिटरची कॅन अडीच डब्यांना पुरते. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त फरक पाडणारा दुसरा उपाय माझ्या माहितीत नाही.

दूध वाळतं म्हणजे काय होतं

हे समजलं की उरलेल्या निम्म्या चुका आपोआप टळतात. भिंतीवर दिल्यावर पाणी उडतं, कण जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात आणि मऊ असतील तर एकात एक मिसळून अखंड पडदा बनतो. किती मऊ, हे कारखान्यात ठरतं. मिथाइल मेथाक्रिलेट हा कडक घटक आणि ब्युटाइल ॲक्रिलेट हा मऊ, यांचं प्रमाण कमी-जास्त करून हवा तसा पडदा मिळवतात. घराच्या रंगासाठी असा शुद्ध ॲक्रिलिक बाजारात आला तो १९५३ साली, अमेरिकेतल्या रोम अँड हास कंपनीने आणला तेव्हा.

दुकानात तीन प्रकारचं दूध मिळतं, आणि दिसायला तिन्ही सारखी. शुद्ध ॲक्रिलिक बाहेरच्या भिंतीला, कारण त्याला ऊन सोसतं. स्टायरीन-ॲक्रिलिक स्वस्त असतं, पाण्याला आणि सिमेंटच्या तिखटपणाला चांगलं टिकतं, म्हणून गिलाव्यात, आतल्या प्रायमरमध्ये आणि जोत्याच्या कामात ठीक. उघड्या उन्हात मात्र ते पिवळं पडतं आणि त्याची भुकटी होते. तिसरा प्रकार म्हणजे लाकूड चिकटवायचा पांढरा गोंद, व्हायनिल ॲसिटेटचा. चुन्यात आणि सिमेंटमध्ये हा गोंद टाकायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ताज्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणजे ते फार तिखट, अल्कधर्मी असतं. त्यात ओल मिळाली की या गोंदाचं साबणीकरण होतं, म्हणजे गोंद फुटतो आणि चिकटपणा जातो. कोरड्या आतल्या भिंतीवर तो एखादं वर्ष निभावेल, बाहेर पावसात निभावत नाही. डब्यावर प्रकार लिहिलेला नसेल तर दुकानदाराला विचारा. त्याला सांगता येत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

आता ऊन. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पश्चिमेची भिंत त्याहून तापते. अशा भिंतीवर पाणी इतक्या झपाट्याने उडतं की कणांना एकत्र यायला वेळच मिळत नाही. वर साय धरते, खाली भुसा राहतो. भिंतीवर तळहात ठेवून वीसपर्यंत मोजता येत नसेल, तर काम थांबवा. सावलीच्या मागे मागे रंगवत जा: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. फार सुकी, पाणी ओढणारी भिंत असेल तर ओल्या ब्रशने नुसती दमट करा, ओघळ येईल इतकी नाही.

दिवाळीच्या दिवसांत उलटा धोका असतो, दवाचा. संध्याकाळी पाच वाजता शेवटचा हात मारला आणि रात्री दव पडलं, की रंगातलं साबणासारखं द्रव्य बाहेर येऊन भिंतीवर चिकट तपकिरी ओघळ उतरतात. घरची माणसं घाबरतात. घाबरायचं कारण नाही. रंग चांगला वाळला की ते साध्या पाण्याने धुऊन निघतात. शेवटचा हात दुपारी दोन-तीनच्या आत संपवला तर ते येतच नाहीत.

किती टाकायचं

आमच्याकडचा गवंडी ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्याला अर्धा लिटर दूध टाकतो आणि वॉटरप्रूफ झालं म्हणतो. पॉलिमरचा खरा गुण यायला सिमेंटच्या वजनाच्या १० ते २० टक्के घन पॉलिमर लागतं. डब्यातलं दूध सगळंच पॉलिमर नसतं, साधारण निम्मं पाणी असतं. म्हणजे ५० किलो सिमेंटला १० टक्क्यांच्या हिशोबाने ५ किलो घन, ५० टक्के घनाचं दूध असेल तर १० किलो दूध. अर्धा लिटर कुठे आणि १० किलो कुठे! संपूर्ण घराच्या गिलाव्यात एवढं टाकणं कोणाला परवडत नाही, आणि तशी गरजही नाही. पैसे थोडेच असतील तर सगळीकडे पातळ फिरवण्यापेक्षा दुरुस्तीच्या तुकड्यात, भेगेत, छताच्या कडेला आणि जुन्या-नव्या गिलाव्याच्या सांध्यात पुरतं घाला. दुधात आलेलं ५ लिटर पाणी कालवायच्या पाण्यातून वजा करायला विसरू नका, नाहीतर माल पातळ होतो.

सांध्यासाठी एक भाग दूध, एक भाग पाणी आणि त्यात ब्रशने लागेल इतपत सिमेंट. हा लेप चिकट आहे तोवरच वर नवा माल लावायचा. वाळून गेल्यावर लावला तर तोच लेप सुटायची जागा बनतो. ही चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे: सकाळी लेप, जेवण, दुपारी गिलावा.

पाणी मारण्याचा नियमही इथे बदलतो. साध्या गिलाव्याला सात दिवस पाणी हवं. पॉलिमर घातलेल्या मालाला पहिले एक-दोन दिवस ओलं ठेवा आणि नंतर सुकू द्या, कारण सुकल्याशिवाय पडदा बनत नाही. जोरात घुसळूही नका, फेस धरतो आणि मालात हवेच्या पोकळ्या राहतात.

सिमेंट पेंटमध्ये किंवा पांढऱ्या सिमेंटच्या पातळ लेपात दूध टाकलं तर भुकटी झडणं चांगलंच कमी होतं. पण कंपनीच्या तयार बाहेरच्या इमल्शनमध्ये ते टाकू नका. त्यात पॉलिमर आणि भुकटीचं प्रमाण आधीच जुळवलेलं असतं. वरून टाकलं की रंग चिकट राहतो आणि धूळ धरतो. कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळच्या एका घरी अशा भिंतीवर कापसाचे तंतू चिकटून ती सहा महिन्यांत मळकट झालेली मी पाहिली. उलटी चूकही तितकीच वाईट. रंग पुरवायला त्यात खडूची पावडर घालतात. भुकटी एका मर्यादेपलीकडे गेली की तिला धरायला पॉलिमर पुरत नाही, कणांमध्ये पोकळ्या राहतात आणि हात फिरवला की रंग तळहाताला येतो.

काळ्या मातीतल्या घरांच्या भेगांबद्दल लोक विचारतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्याबरोबर भिंत हलते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, आणि उन्हाळ्यात व पावसाळ्यात रुंदी मोजा. केसाएवढी असेल तर लवचिक ॲक्रिलिक लेप ती झाकेल. उघडमीट करणारी रुंद भेग असेल तर तो पायाचा प्रश्न आहे, रंगाऱ्याचा नाही.

मातीच्या भिंतींना, पांढऱ्या मातीच्या जुन्या वाड्यांना, यातलं काहीच लावू नका. त्या भिंती श्वास घेतात. त्यांना चुनाच शोभतो आणि चुनाच टिकतो.

खार लागलेल्या भिंतीचं काय केलं

जोत्याशी साचणारं पाणी आधी वळवलं. रस्त्याकडून उतार काढून नाली केली. कमरेखालचा सगळा रंग खरवडला आणि उन्हाळाभर भिंत उघडी ठेवली. खार धुतला नाही. धुतला की तो विरघळून पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशने झाडून खाली कागदावर गोळा केला आणि लांब नेऊन टाकला. मग वर्तमानपत्राचा लगदा फिल्टरच्या पाण्यात भिजवून बोटभर जाड थापला. तो वाळताना भिंतीतला खार स्वतःकडे ओढतो. वाळला की काढून फेकायचा. असं तीनदा केलं. तिसऱ्या लगद्यावर खार अगदी थोडा दिसला.

त्यानंतर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत फक्त चुना दिला, एकही थर पॉलिमरचा नाही, म्हणजे उरलेली ओल सुखाने बाहेर पडेल. तीन फुटांच्या वर पातळ ॲक्रिलिक प्रायमर एक हात आणि शुद्ध ॲक्रिलिकचा बाहेरचा रंग दोन हात, दोन्ही फिल्टरच्या पाण्यात. दोन्ही भागांच्या मध्ये बोटभर रुंद गडद पट्टी ओढली, ती बायकोने पसंत केलेल्या गेरूच्या रंगाची.

दोन पावसाळे झाले. वरचा रंग जसाच्या तसा आहे. खालच्या तीन फुटांत मार्चच्या सुमाराला थोडी पांढरी लव येते. ती मी कोरड्या ब्रशने झाडतो, कागदात गोळा करतो आणि आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तेवढ्याच भागाला चुन्याचा एक हात देतो. अर्धा दिवस जातो.